फडाचा नाद : भीमाकाठच्या एका जुन्या वादाचा इतिहास

गायनवादनाच्या एखाद्या संघाने आपला नाद पालटला की त्याच्या जुन्या चाहत्यांकडून एक तक्रार हटकून ऐकू येते. ‘पूर्वीचे ते आता राहिले नाही’, ही ती तक्रार होय. ती जितकी जुनी, तितकीच सार्वत्रिक आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ब्रिटनमध्ये ‘ड्रीम-पॉप’ या नावाने ओळखली जाणारी एक गायनपद्धती उदयास आली. गिटारच्या स्वरावर प्रतिध्वनीचे थरांवर थर चढवावयाचे आणि शब्द त्या ध्वनीच्या धुक्यात अर्धवट विरघळू द्यावयाचे, ही तिची रीत. या पद्धतीचा स्लोडाइव्ह नावाचा एक संघ १९८९ मध्ये रेडिंग या गावी निघाला. १९९५ मध्ये त्याने ‘पिग्मॅलियन’ ही ध्वनिमुद्रिका काढून आपला नाद अगदी विरळ, जवळजवळ मौनाच्या सीमेवर नेऊन ठेवला. आणि लवकरच त्याच्या प्रकाशकांनी त्याच्याशी असलेला करार मोडला. संघ विखुरला. पुढे १९ वर्षांनी, २०१४ मध्ये, तो पुन्हा रंगमंचावर आला, तेव्हा त्याच त्याज्य ठरलेल्या नादाचे लोकांनी कौतुक केले. आज पुण्यातही या स्वप्नाळू वळणाने गाणारे ईझी वाँडरलिंग्जसारखे तरुण संघ आहेत. आपला नाद किती बदलावा, आणि समोर बसलेल्या श्रोत्यांचे किती ऐकावे, हा प्रश्न अशा प्रत्येक संघापुढे कधी ना कधी उभा राहतोच.

परंतु हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथमच उपस्थित झाला आहे असे जर कोणी समजेल, तर ती मोठी चूक होईल. पुण्यापासून सुमारे ६५ किलोमीटरांवर शिरूर आहे आणि लोहमार्गाने सुमारे ७५ किलोमीटरांवर दौंड आहे. या दोन तालुक्यांच्या माळांवर, जत्रांत आणि हमरस्त्यांच्या चौकांत तमाशाच्या फडांनी व संगीत बाऱ्यांनी हाच प्रश्न पिढ्यान् पिढ्या सोडविला आहे. कधी यशस्वीपणे, कधी मोठी किंमत देऊन. त्या इतिहासाचे स्थूल दर्शन वाचकांस घडवावे, आणि आजच्या बदलाची पारख त्या कसोटीवर करून पाहावी, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम भूमीविषयी. भीमा नदी ही या दोन तालुक्यांमधील सीमारेषा. उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. शिरूरच्या बाजूने घोडनदी येऊन भीमेस मिळते. शिरूर गावास जुनी माणसे अद्यापि ‘घोडनदी’ असेच म्हणतात. नदीकाठच्या ज्या पट्ट्यास भीमथडी म्हणत, तेथील तट्टे मराठ्यांच्या लष्करात नावाजलेली होती. पुढे इंग्रजांनी शिरूर येथे छावणी केली. १८१८ च्या १ जानेवारीस कोरेगाव भीमा येथे जी लढाई झाली, तीत लढलेली कॅप्टन स्टाँटनची पलटण आदल्या रात्री याच शिरूराहून निघाली होती. १८५८-५९ च्या सुमारास पुण्याहून सोलापूरच्या दिशेने जाणारा लोहमार्ग दौंडावरून गेला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, आणि नदीकाठचे हे गाव एक मोठे जंक्शन बनले. छावणी, हमरस्ता, लोहमार्ग आणि त्यांच्या भोवती ग्रामदेवतांच्या जत्रा असा हा योग आहे. तमाशाचा फड हा प्रेक्षकाकडे चालत जाणारा रंगमंच असल्यामुळे, जेथे माणसे जमतात आणि ज्यांच्या कनवटीस दोन पैसे असतात, तेथे तो जाणारच. हा मुलूख त्यास मानवला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

शिरूर तालुक्यात पाबळ म्हणून गाव आहे. बाजीरावाने ते मस्तानीस इनाम दिले होते, असे परंपरा सांगते. तिची कबर तेथेच दाखवितात. १७४० मध्ये बाजीराव गेला आणि त्यामागोमाग तीही गेली. मस्तानीच्या गायननृत्यनैपुण्याविषयी बखरींपासून बोलपटांपर्यंत एवढे लिहिले व दाखविले गेले आहे की, त्यातील सत्य किती आणि कल्पना किती हे निवडणे कठीण आहे. आम्हांस येथे एवढेच सुचवावयाचे आहे की, दरबारी गाणे आणि रानातले गाणे यांची गाठ या भागात फार पूर्वीपासून पडत आली आहे; आणि तमाशाच्या नादात जो पहिला मोठा पालट झाला, तो या दोहोंच्या भेटीतूनच झाला.

तो पालट उत्तर पेशवाईतला. होनाजी शिलारखाने हा गवळी आणि बाळा कारंजकर हा त्याचा गायक साथीदार. या जोडीने लावणीस माळावरून उचलून दिवाणखान्यात बसविले. होनाजीने ढोलकीच्या जागी तबला घेतला आणि बैठकीची लावणी रूढ केली, असे परंपरेने त्याच्या नावावर नोंदविले आहे. क्षणभर विचार केला तर हा बदल किती धीटपणाचा होता हे ध्यानी येईल. ढोलकी काढून घेणे म्हणजे तमाशाचा श्वासच काढून घेणे, असे म्हणणारे रसिक त्या काळीही असलेच पाहिजेत. पण झाले काय? ढोलकी मेली नाही. एकाच झाडाच्या दोन फांद्या झाल्या : माळावरची उभ्याने गायची लावणी आणि बैठकीत बसून, अदा करीत गायची लावणी. नव्या नादाने जुन्यास मारले नाही. त्याला शेजारी दिला. याच सुमारास सोलापूरचे राम जोशी, संगमनेरचे अनंत फंदी, पुण्याचे प्रभाकर, सिन्नरचे परशराम आणि जेजुरीचे सगनभाऊ हे शाहीर होऊन गेले. ब्राह्मण, शिंपी, मुसलमान शिकलगार अशा सर्व थरांतली ही माणसे होती, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता जुन्या फडाचा नाद कसा असे, ते पाहू. ढोलकी हे त्याचे मुख्य वाद्य. तिच्या एका तोंडास शाई असते, त्यामुळे तो बोल टणक व उंच स्वरात निघतो. दुसऱ्या तोंडातून धुमारा निघतो. हलगी म्हणजे एका बाजूने मढविलेले कडे. तिचे चामडे सैल पडले की शेकोटीवर धरून तापवावयाचे आणि मग काठीने वाजवावयाचे. तुणतुणे म्हणजे एका तारेचे, तळाशी कातडे लावलेले वाद्य. ते एकच स्वर अखंड धरून ठेवते. त्याच्या जोडीला झांज आणि लोखंडी कडे. ढोलकी व हलगी यांची सलामी झडली की रात्र सुरू झाली असे समजावे. मग गण, मग गौळण, मग बतावणी, मग लावण्या, आणि मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत वग. मुख्य गायकाने ओळ टाकावी आणि सुरत्याने व झीलकऱ्यांनी तिचे शेवटचे अक्षर वरच्या वर उचलून लांबवावे. ही ‘झील’ नुसती शोभेची नव्हती. ध्वनिक्षेपक नव्हता, टेंभ्यांचा उजेड होता आणि समोर हजारो माणसे बसलेली असत. मागच्या रांगेतल्या मनुष्याच्या कानी शब्द पोचावयाचा तर स्वर उंच हवा आणि एकाच्या गळ्यास चौघांच्या गळ्यांचा टेकू हवा. म्हणजे फडाचा तो प्रसिद्ध उंच, धारदार नाद हा केवळ आवडीतून जन्मला नव्हता; मोकळ्या माळाच्या गरजेतून तो घडला होता. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुढे माळाची परिस्थिती पालटताच नादही का पालटला, हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा पालट वगाचा. १८६५ च्या सुमारास सावळजच्या उमाबाबूने ‘मोहना-बटाव’ हा वग रचला. तो पहिला वग मानला जातो. तोपर्यंत तमाशा म्हणजे मुख्यतः गाणे, नाच व थट्टा. आता त्यात कथा आली, आणि कथेबरोबर नटाचे बोलणे आले. गाण्यास बोलण्याशी सांधा जुळवून घ्यावा लागला; ढोलकीवाल्यास नुसता ठेका धरून भागेना, तर राजाच्या प्रवेशास, तलवारीच्या वारास, सोंगाड्याच्या कोलांटीस बोलाने उत्तर द्यावे लागले. १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या वाऱ्याबरोबर हार्मोनियम, म्हणजे आमची पेटी, घरोघर व मंडळी-मंडळीत शिरली. तमाशाही तिला अपवाद राहिला नाही. रेठऱ्याचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी आपले गाव व ब्राह्मण्य मागे टाकून पठ्ठे बापूराव झाले ते याच काळात. हिवरगावची पवळा त्यांच्या फडात उभी राहिली, आणि स्त्रीवेष घेणाऱ्या नाच्या पोराच्या जागी प्रत्यक्ष स्त्रीचा कंठ व पाय ढोलकीच्या फडात आला. हा पालट वाद्याचा नव्हे, पण नादावर त्याचा परिणाम कोणत्याही वाद्याहून अधिक झाला. बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात वारले. त्यांच्या लावण्यांवर पुढच्या कित्येक फडांनी पोट भरले.

पेटीविषयी येथे एक गोष्ट सांगितल्याविना राहवत नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती परकी आहे, तिचे सूर अचल आहेत, तिला श्रुती व मींड साधत नाही, हे आक्षेप होते. आणि शास्त्रदृष्ट्या ते खोटेही नव्हते. ही बंदी पुरती तीन दशके टिकली. परंतु ज्या तीन दशकांत नभोवाणीवर पेटी निषिद्ध होती, त्याच तीन दशकांत संगीत बारीच्या बैठकीत पेटीवाला गायिकेच्या शेजारी निर्धास्त बसून होता. तेथे तिची पारख श्रुतींवर झाली नाही. गाणाऱ्या बाईने ऐन वेळी ओळ पालटली तर पेटी तिच्या मागोमाग वळते की नाही, एवढेच पाहिले गेले. आणि पेटी वळली. पंडितांनी जे वाद्य दाराबाहेर ठेवले, ते अडाणी समजल्या गेलेल्या कलावंतांनी घरचे करून घेतले. दोन न्यायालयांत एकाच आरोपीची चौकशी होऊन दोन निराळे निकाल लागावेत, तसा हा प्रकार झाला.

तिसरा पालट शब्दांचा. सत्यशोधक चळवळीने तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. साचा तोच, वाद्ये बहुतांशी तीच. पण करमणुकीच्या जागी प्रबोधन आले, आणि ज्या थट्टेचे लक्ष्य पूर्वी गावातला दुबळा असे, तिचे लक्ष्य आता सावकार व भटभिक्षुक झाले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी कोरेगाव भीमाच्या लढाईच्या विजयस्तंभास भेट दिली. तेव्हापासून त्या स्थळी दरवर्षी लोटणाऱ्या समुदायात शाहिरी गाण्यांस मोठे स्थान मिळत आले आहे. महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ अशा ज्या जातींनी तमाशा आपल्या खांद्यावर वाहिला, त्यांच्यापैकीच काहींनी त्याची ढोलकी घेतली आणि लावणी टाकली. कारण ज्या कलेने पोट भरले, तिनेच त्यांच्या लेकीबाळींना बाजारात उभे केले, ही वेदना त्यांच्या ठायी होती. फडाच्या नादाविषयी बोलताना आम्ही प्रेक्षक ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतो.

स्वातंत्र्य आले त्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लीलता हे कारण दाखविले गेले. पुढे ती अटींवर उठली. संहिता तपासून घ्यावी, परवाना घ्यावा, असे निर्बंध आले. फडांच्या नावापुढे ‘लोकनाट्य’ हा शब्द लागू लागला, आणि ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ ही आज आपणांस परिचित असलेली पाटी तयार झाली. १९४७ मध्येच ‘रामजोशी’ हा बोलपट निघाला, १९५९ मध्ये ‘सांगत्ये ऐका’, १९७२ मध्ये ‘पिंजरा’. पडद्यावरची लावणी हजारो खेड्यांत पोचली. मग एक विलक्षण उलटापालट झाली : जी लावणी फडातून चित्रपटाने उचलली, तीच चित्रपटाच्या चालीवर सजून फडात परत आली, आणि प्रेक्षक फडाकडे पडद्यासारखीच लावणी मागू लागला.

त्याच दशकांत वीज व ध्वनिक्षेपक आले. कनातीचे तंबू उभे राहिले. तिकीट लावून खेळ होऊ लागले. नारायणगावच्या भाऊ-बापूंच्या फडातून विठाबाई पुढे आल्या; शिरोलीचे दत्तोबा तांबे, कवलापूरचे काळू-बाळू यांची नावे घरोघर झाली. नारायणगाव हे शिरूरच्या शेजारच्याच जुन्नर तालुक्यातले. चैत्रातील यात्रांसाठी तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तेथे येतात आणि सुपारी ठरवितात. शिरूर-दौंडकडच्या गावांचाही पाय तिकडे वळतो. ध्वनिक्षेपकाने फडास दूरचा प्रेक्षक दिला खरा. पण झीलकऱ्याची गरज त्याने कमी केली. जे काम चार गळे करीत, ते एक यंत्र करू लागले. स्वर खाली उतरला, गाणे मऊ झाले, आणि तुणतुण्याचा तो बारीक अखंड झंकार हळूहळू पाठीमागे गेला.

या काळात फडाचा नाद पालटत असता त्यास शब्दांचा पुरवठा कोठून झाला, याचे उत्तम उदाहरण शिरूर तालुक्यातच सापडते. कवठे येमाई हे येमाई देवीचे गाव. याच गावाचे नाव गंगाराम कवठेकरांनी तमाशात गाजविले. आणि याच गावचे बशीर मोमीन, म्हणजे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर, यांनी आपल्या दीर्घ आयुष्यात फडांसाठी गण, गौळणी, लावण्या, वग, पोवाडे अशी विपुल रचना केली. दत्तोबा तांबे, काळू-बाळू, रघुवीर खेडकर इत्यादिकांच्या फडांतून त्यांचे शब्द गायिले गेले. दारू, हुंडा, एड्स अशा विषयांवरही त्यांनी लोकांसाठी लिहिले. महाराष्ट्र शासनाचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांस २०१८ साली मिळाला. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते निवर्तले. सगनभाऊ शिकलगार आणि मोमीन कवठेकर यांच्या दरम्यान दोन शतकांचे अंतर आहे. परंतु गणेशाच्या स्तवनाचा गण मुसलमान शाहिराने रचावा आणि तो सर्व जातींच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घ्यावा, ही या मातीची रीत त्या अंतराने तुटलेली नाही. नाद पालटत असतानाही काही तरी अखंड राहते ते असे.

भीमा ओलांडून न्हावऱ्यावरून दक्षिणेस आले की पुणे-सोलापूर हमरस्त्यावर, दौंड तालुक्यात, चौफुला लागतो. येथे फड नव्हे, संगीत बारी भेटते. कलाकेंद्रात अनेक पार्ट्या राहतात आणि आळीपाळीने, म्हणजे बारीने, आपली कला सादर करतात. नावाची व्युत्पत्ती तेथेच उघड होते. पेटी, तबला, ढोलकी, दोन-चार गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया, आणि समोर हाताच्या अंतरावर श्रोता, असा हा होनाजीच्या बैठकीचा वारसा आहे. याच परंपरेत वाढलेल्या यमुनाबाई वाईकरांनी अदेची लावणी शंभरी ओलांडून जपली. १९१५ च्या अखेरीस जन्मलेल्या या थोर गायिकेस २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ती निवर्तली. परंतु या जगाची दुसरी बाजूही आहे. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ मध्ये आले. ज्याने ते वाचले, त्यास बैठकीतील दौलतजादाच्या नोटेमागे एका आईचे काय काय गहाण पडते हे पुन्हा सांगावे लागत नाही. लावणीची थोरवी सांगावयाची आणि लावणी म्हणणारीच्या मुलास शाळेत बापाचे नाव विचारून खाली पाहावयास लावावयाचे, हे दुटप्पी वर्तन आमच्या समाजाने फार काळ केले.

आता अखेरचा पालट. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन-अडीच दशकांत फडात ऑर्गन, मग विजेवरचे कळफलक, ड्रम, ऑक्टोपॅड आले. लावण्यांच्या वेळात हिंदी चित्रपटगीते शिरली. वग आखडू लागला. यास केवळ प्रेक्षकांची अभिरुची जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. एक कारण कायद्यातही आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली झाले, आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर आपली मोहर उठविली. राज्य सरकारास वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, एवढेच. नियम लोकांच्या झोपेसाठी आहे, आणि झोप ही काही क्षुल्लक वस्तू नव्हे. परंतु ज्या कलेचा गाभाच मध्यरात्री उघडत असे, तिला दहाच्या ठोक्यास मिटावे लागले तर गाभा आधी कापला जातो. गण धावता, गौळण घाईची, बतावणी जेमतेम, आणि वगाच्या वाट्यास उरलेला वेळ. त्यानंतर २०२० साल उजाडले. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. यात्रांचा हंगाम ज्या मुहूर्तावर उघडावयाचा, त्याच मुहूर्तावर तो बंद झाला. पुढील वर्षीही तीच गत. कित्येक कलावंत मोलमजुरीस लागले. फड पुन्हा उभे राहिले ते कर्ज डोक्यावर घेऊन. आणि खर्च कमी करावयाचा तर सर्वांत आधी वादक कमी होतो. ढोलकीवाल्याचे पोट भरावे लागते. मुद्रित ध्वनीस पोट नसते.

येथे आम्ही मूळ प्रश्नाशी येऊन पोचलो. मुद्रित ध्वनीवर नाचणे हाही होनाजीच्या तबल्यासारखा, बापूरावांच्या काळच्या पेटीसारखा एक पालटच नव्हे काय? मग त्यास नाक मुरडणे म्हणजे १९४० च्या आकाशवाणीची चूक पुन्हा करणे नव्हे काय? हा आक्षेप बळकट आहे, आणि तो टाळून जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्यास पुष्टी देणारे उदाहरण पाश्चात्त्यांकडेही आहे. ज्या स्वप्नाळू गायनपद्धतीचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तिच्या आद्य प्रवर्तकांत स्कॉटलंडचा कॉक्टो ट्विन्स हा संघ गणला जातो. १९७९ मध्ये निघालेल्या या संघात तालवादक नव्हता. तो यंत्राचा ताल लावून रंगमंचावर उभा राहत असे, आणि त्याच्या गायिकेचे शब्द तर बहुधा कळतच नसत. तरीही त्याची कला खोटी होती असे कोणी म्हणत नाही.

परंतु भेद येथेच आहे. त्या गाण्यात ताल हा एक पडदा आहे. त्यावर स्वर तरंगतात, आणि पडदा अचल असला तरी चालते, किंबहुना तो अचल असावा असेच त्या रचनेस हवे असते. लावणीत ताल हा पडदा नसून प्रतिपक्षी आहे. नाचणारीने पाय टाकावा आणि ढोलकीने तो उचलावा. तिने थांबावे आणि ढोलकीने तिला डिवचावे. प्रेक्षकातून शिटी आली तर दोघांनी मिळून तिला उत्तर द्यावे. तबला आला तेव्हा हा संवाद बैठकीत गेला, पण चालू राहिला. पेटी आली तेव्हा संवादात तिसरा माणूस आला. वग आला तेव्हा त्यास कथा मिळाली. जलशात त्यास ध्येय मिळाले. ध्वनिक्षेपकाने त्याचा आवाज मोठा केला. ऑर्गन व ड्रम आले तरी ते वाजविणारा मनुष्य समोर बसलेला होता, आणि नजर देत-घेत होता. या सर्व पालटांत वाद्य बदलले, पण ऐकणारा वादक बदलला नाही. मुद्रित ध्वनी प्रथमच असा साथीदार आणतो की, जो काही ऐकतच नाही. नाचणारी थकली तरी तो थांबत नाही. तिला एखादी ओळ पुन्हा म्हणावीशी वाटली तरी तो पुढे जातो. तिने त्याच्या मागे धावावयाचे, एवढेच उरते.

म्हणून आमची कसोटी वाद्य देशी की विदेशी, जुने की नवे, ही नाही. जो बदल कलावंतास समोरच्यास अधिक चांगले उत्तर देऊ देतो, तो बदल, कितीही धीट असो, परंपरेचाच आहे. जो त्याच्या तोंडचे उत्तर काढून घेतो, तो कितीही जुन्या वेषात आला तरी परका आहे. या कसोटीवर कवठे येमाईच्या शाहिराने एड्सवर केलेली रचना अस्सल तमाशाची ठरते, आणि नऊवारी नेसून मुद्रित लावणीवर केलेला नाच ठरत नाही. नव्या संघांतील तरुणांसही ही कसोटी निरुपयोगी वाटू नये. कारण रंगमंचावर उभे राहण्याचा अर्थ समोरच्या मनुष्यास उत्तर देणे हाच आहे, मग हातात गिटार असो वा ढोलकी.

तथापि कसोटी लावणे सोपे, तिची किंमत देणे कठीण. ढोलकीवाला राहावा असे ज्यांस वाटते, त्यांनी त्याच्या मजुरीचा विचार केला पाहिजे. यात्रेची सुपारी ठरविणाऱ्या पंचांनी बिदागीत घासाघीस करताना, कापलेला प्रत्येक रुपया एखाद्या वादकाच्या ताटातून जातो हे स्मरावे. सरकारास ध्वनिक्षेपकाची वेळ वाढविता येत नसेल, तर वर्षातून सवलतीचे जे दिवस आहेत, त्यांपैकी काही ग्रामदेवतांच्या यात्रांसाठी राखता येतील. आणि फडातील स्त्रीस, तिच्या मुलांस, गावात उजळ माथ्याने राहता आले पाहिजे. दहा वाजण्याच्या नियमाने वग कापला, ही आमची तक्रार खरीच. पण शेकडो वर्षे ज्यांनी आमची रात्र जागविली, त्यांना दिवसा आम्ही दारात उभे केले नाही, ही त्यांची तक्रार अधिक खरी आहे.

दसरा उलटला की फड पुन्हा बाहेर पडतील. अक्षय्य तृतीयेपर्यंत भीमेच्या दोन्ही काठांवर कोठे ना कोठे तंबू उभा राहील, कोणी तरी शेकोटीवर हलगी धरील, तिचे चामडे ताणले जाईल. ती तापली की नाही हे पाहण्यासाठी वादक तिच्यावर बोटाने हलकेच टिचकी मारतो आणि कान लावतो. वाद्याचे ऐकून मग त्यास वाजविण्याची ही रीत जोवर त्या माळावर चालू आहे, तोवर ‘पूर्वीचे ते राहिले नाही’ ही तक्रार आम्ही पुरती खरी मानणार नाही.